मधेच अडलेला फुगा

डॉक्टर मधेच बाहेर आले. काम संपवून बाहेर येणारा डॉक्टर आणि मधेच बाहेर येणारा डॉक्टर यांच्यात फरक असतो, हे तिला तेव्हाच कळलं. संपवून येणारा दार मागे सोडून देतो. यांनी ते पायाने अडवून धरलं होतं.

"मास्तरांच्या घरचं कोण आहे?"

मास्तर म्हणजे तिचे सासरे. ते ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे आणि अर्धं शहर त्यांच्या शेजारी बसून क्लच सोडायला शिकलं होतं. हे डॉक्टरही शिकले असावेत, नाहीतर पेशंटला मास्तर कोण म्हणतं? सासूबाई बाकावरून अर्ध्या उठल्या आणि तशाच अर्ध्या उठलेल्या तिच्याकडे बघत राहिल्या. नवरा गाडी लावायला गेला होता, तो अजून लावतच होता. रक्त, सुई, पांढरा कोट यांतलं काहीही समोर आलं की त्याला गाडी नीट लागलीये का अशी शंका यायची. मग राहिली तीच.

"मी सून त्यांची," ती म्हणाली.

"बरं, ऐका. अटॅक मोठा आहे. मनगटातून आत गेलो, ब्लॉक सापडला, तार पलीकडे गेली. रक्त चालू झालंय, पण धार बारीक आहे. एरवी तिथे फुगा फुगवायचा, जागा करायची आणि स्टेंट बसवायचा, एवढंच काम असतं. पण फुगा उघडत नाहीये."

"उघडत नाही म्हणजे?"

"आतून कॅल्शियमचं कडं झालंय. दगड म्हणा. फुगा फुगवला की दोन्ही टोकं फुगतात आणि मध्ये कंबर तशीच राहते. डमरू दिसतो नुसता. आणखी दाब दिला तर कडं नाही फुटायचं, नळी फुटेल."

ती मान हलवत होती. आपण मान हलवतोय हे तिला दिसत होतं, जणू समोरच्या काचेत दुसरीच कुणी बाई उभी होती आणि समजूतदारपणे मान हलवत होती. डॉक्टरांच्या नाकावर मास्कच्या तारेचा लाल वळ उठला होता. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत शिशाचा एप्रन. तो इतका जड होता की बोलतानासुद्धा ते एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार देत होते.

"दोन रस्ते आहेत," ते म्हणाले. "एक म्हणजे मोहरीएवढं ड्रिल असतं, टोकाला हिऱ्याची कच लावलेलं. ते आत नेऊन कडं खरवडायचं आणि मग फुगा फुगवायचा. अटॅक चालू असताना हे करायला आम्हालाही आवडत नाही. नळी फाटू शकते. चुरा पुढे जाऊन रक्त अडवू शकतो. दुसरा रस्ता, आत्ता थांबायचं, या बारीक धारेवर ठेवायचं आणि नंतर छाती उघडून बायपास. पण हृदय इतकं दमलंय की सर्जन इतक्यात हात लावणार नाहीत, आणि तोपर्यंत धार टिकेल असं मी काही लिहून देत नाही. माझा कल पहिल्याकडे आहे. पण घरच्यांचं हो पाहिजे." मग काहीतरी आठवल्यासारखे थांबले. "कोलेस्टेरॉलची गोळी चालू होती ना मास्तरांची?"

"होती," आई म्हणाल्या. सासूबाईंना ती आईच म्हणायची. "मग बंद केली. गोळीने कॅल्शियम वाढत होतं म्हणून."

डॉक्टरांनी डोळे मिटले आणि उघडले, बस.

"वाढतं," ते म्हणाले. "नळीत जे मऊ साठलेलं असतं ते गोळीने घट्ट व्हायला लागतं, म्हणून आकडा वाढतो. फुटतं ते मऊ. घट्ट झालेलं बहुतेक वेळा आपल्या जागी पडून असतं."

"पण यांचं तर घट्टच आहे ना?" तिने विचारलं. आवाज अगदी बरोबर निघाला.

"घट्टाच्या शेजारी मऊही होतं. ते फुटलं, त्यावर गाठ बसली, म्हणून अटॅक. आणि आता घट्ट मला काम करू देत नाही."

"गोळी चालू असती तर...?"

"ते आता कुणीच सांगू शकत नाही. बंद करायला कुणी सांगितलं होतं?"

"आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं," आई म्हणाल्या, आणि बाकावर पूर्ण बसल्या.

सगळ्यांनी मिळून. त्या घरात सगळं असंच ठरायचं, हे मात्र खरं होतं. सगळे म्हणजे बाबा सोडून सगळे; सासऱ्यांना ती बाबा म्हणायची. शिकाऊ गाडीत मास्तरांच्या पायाखाली एक जादाचा ब्रेक असायचा, आणि तो घरी आल्यावरही सुटायचा नाही. फ्रीज बदलायचा म्हटलं की ब्रेक. मुलाने नोकरी बदलायची म्हटली की ब्रेक, तोही असा करकचून की बोलणाऱ्याचं डोकं समोर आपटावं. म्हणून आईंनी फार वर्षांपूर्वी एक पद्धत पाडली होती. गोष्ट आधी स्वयंपाकघरात हळू आवाजात ठरवायची, करून टाकायची, आणि मग जेवताना सहज बोलल्यासारखं बाबांच्या कानावर घालायचं. झालेल्या गोष्टीवर ब्रेक कसा मारणार? बाबा ताटाकडे बघत "हं" म्हणायचे. लेकीचं लग्नसुद्धा या वाटेने झालं होतं म्हणे.

लग्न होऊन ती या घरात आली आणि या स्वयंपाकघरातल्या सभेत तिला लगेच जागा मिळाली, कारण ती रसायनशास्त्र शिकलेली होती. बाबा तिला प्रोफेसर म्हणायचे. आधी चिडवायला म्हणायचे, नंतर सवयीने. मागच्या तपासणीत बाबांच्या हृदयाच्या नळ्यांत कॅल्शियम निघालं तेव्हा आईंनी सगळ्या घराचं दूध बंद केलं होतं. चहा कोरा, दही नाही, आणि पोटुशा सुनेच्या कॅल्शियमच्या गोळ्याही कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर. तिने कागदावर चित्र काढून आईंना समजावलं की दुधाचा आणि या कॅल्शियमचा काही संबंध नाही. दूध परत आलं. तेव्हापासून औषधांच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा झाला.

मग बाळ झालं. मग दुसरी तपासणी झाली आणि गोळी रोज घेऊनही आकडा वाढलेला निघाला. "मग काय उपयोग त्या गोळीचा?" आई म्हणाल्या, आणि सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने मांडीवर बाळ आणि पुढ्यात लॅपटॉप घेऊन शोधलं. एका चांगल्या, आकडेवारी देणाऱ्या लेखात पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं की ही गोळी घेणाऱ्यांच्या नळ्यांमध्ये कॅल्शियम वाढतं. ती पुढे वाचणारच होती. बाळ जागं झालं. त्या दिवसांत ती जे काही वाचायची ते अर्धंच वाचायची, आणि अर्धंही वाचतोय याचाच तिला अभिमान वाटायचा. रोज रात्री बाबांच्या बशीत यायची ती गोळी यायची बंद झाली. आठवड्याने जेवताना आईंनी विषय काढला.

"प्रोफेसर म्हणाली ना? मग झालं," बाबा म्हणाले होते, आणि टेबलाखाली पोटरी चोळत राहिले होते.

आता डॉक्टर दारात उभे होते. "लवकर सांगा," ते म्हणाले.

नवरा जिन्यातून वर आला. हातात किल्ली, कपाळावर घाम. तिने त्याला सगळं सांगितलं. फुगा, कडं, ड्रिल, बायपास, जसंच्या तसं, एकही शब्द न गाळता. तो ऐकता ऐकता पांढरा पडत गेला.

"तुला काय वाटतं?" त्याने विचारलं.

"तुला काय वाटतं?" ती म्हणाली.

"मला यातलं काय कळतंय? आई, तू बोल."

"मी कसली अडाणी बाई बोलणार," आई म्हणाल्या. "हिला विचार. हिला कळतं."

त्यात टोमणा नव्हता, हेच वाईट होतं. तिने आईंच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. रागाची एखादी रेघ, तुझ्यामुळे झालं असं सांगणारी एखादी नजर. मिळाली असती तर तिला धरायला काहीतरी मिळालं असतं. आई तिच्याकडे तशाच बघत होत्या जशा गोळीच्या वेळी बघत होत्या. पूर्ण विश्वासाने.

तिला वाटलं, आता रडू येईल. रडू आलं नाही, दूध आलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे बाळाला ठेवून आल्याला बराच वेळ झाला होता. कुर्त्याच्या आत सुती घडी गच्च ओली झाली आणि छाती दगडासारखी लागायला लागली, आणि तिने पर्स पुढे धरली. एवढं सगळं तिने नीट केलं. आत मात्र काहीच हलत नव्हतं. सकाळपासून असंच होतं. सकाळी शिकाऊ मुलीला घेऊन बाबा बाहेर पडले होते, चौकाच्या अलीकडे त्यांनी स्वतःच्या पायाखालचा ब्रेक दाबून गाडी कडेला उभी केली आणि त्या मुलीला म्हणाले, "आधी हँडब्रेक ओढ. मग इंजिन बंद कर. मग कुणालातरी फोन कर." मुलीने बिचारीने त्याच क्रमाने केलं. फोन हिलाच आला होता. तेव्हापासून ती एकेक गोष्ट त्याच क्रमाने करत आली होती.

"मी सांगणार नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?" नवरा म्हणाला.

"मी हो पण म्हणणार नाही आणि नाही पण म्हणणार नाही." ती डॉक्टरांकडे वळली. "बाबा झोपलेत का आत?"

"नाही. मनगट बधिर केलंय आणि थोडं शांत व्हायचं औषध दिलंय. जागे आहेत. मगाशी नर्सला विचारत होते तिला गाडी येते का."

"मग त्यांना विचारा ना."

इतकी साधी गोष्ट होती, आणि दाराच्या या बाजूला कुणालाच ती सुचली नव्हती.

"अगं, वेड लागलं का तुला?" आई म्हणाल्या. "छातीत तार घालून पडलाय माणूस. त्याला सांगायचं की तुझी नळी फाटेल? घाबरूनच जातील. ठरवू आपण, आणि झालं की सांगू सावकाश."

"आणि झालं नाही तर कुणाला सांगणार, आई?"

हे वाक्य तिच्याच तोंडून निघालं, पण तिला तेही बाहेरून आल्यासारखं ऐकू आलं. आईंनी पदर तोंडाला लावला. नवऱ्याने किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

"मला चालेल," डॉक्टर म्हणाले. "मला तर आवडेल. पण एकच जण आत या, आणि पटकन. मी सांगायला गेलो तर ते मला नुसतं बरं बरं म्हणतील. तुम्ही समोर असाल तर विचार करतील."

नर्सने तिला शिशाचा एप्रन चढवला. भरलेल्या छातीवर ते वजन पडलं तेव्हा डोळ्यांसमोर एकदम पांढरं झालं. तिने ओठ दाबून धरले. खोली थंड होती, फ्रीज उघडल्यासारखी. मधल्या अरुंद टेबलावर बाबा हिरव्या चादरीखाली होते, इतके लहान दिसत होते की तिने आधी चेहराच शोधला. वर एक मोठं यंत्र कमान टाकून झुकलं होतं. समोरच्या पडद्यावर करडी चित्रं होती. डॉक्टरांनी बोट दाखवलं. नळी दिसावी म्हणून सोडतात ते औषध सोडलेलं नसतानाही तिथे दोन समांतर काळसर रेघा दिसत होत्या, आणि हृदयाबरोबर त्या उडत होत्या, टुकटुक, टुकटुक. रक्त दिसत नव्हतं, नळी दिसत नव्हती. फक्त ते दगडाचं कडं दिसत होतं.

"प्रोफेसर?" बाबा म्हणाले. त्यांची जीभ थोडी जड झाली होती. "तू आत कशी? त्याला मिळाली का जागा गाडी लावायला?"

"मिळाली."

"तिरकी लावली असणार."

"बाबा, ऐका. तुम्हाला एक विचारायचंय."

"विचारायचंय?" त्यांनी मान वळवायचा प्रयत्न केला. नर्सने कपाळावर हात ठेवून ती सरळ केली. मग ते छताकडे बघत म्हणाले, "विचार."

तिने सगळं सांगितलं. या वेळी डमरू म्हणाली, मोहरी म्हणाली, नळी फाटू शकते हेही म्हणाली. डॉक्टरांचा कल ड्रिलकडे आहे, पण त्यांनाही ते आवडत नाही, हेही तिने गाळलं नाही. बाबा ऐकत होते. बाजूच्या यंत्रावर हिरवी रेघ धावत होती आणि आपल्या बोलण्याने रेघेत काही फरक पडतोय का हे ती बोलता बोलता बघत होती. पडत नव्हता.

"तू काय म्हणतेस?" बाबांनी विचारलं.

"मी काही म्हणत नाही."

"का?"

"मागच्या वेळी म्हटलं होतं."

यंत्र बीप बीप करत राहिलं. डॉक्टर पडद्याकडे बघत उभे होते, जणू तिथे काही नवीन आलं होतं.

"गोळीचं म्हणतेस," बाबा म्हणाले.

"हो."

"मला विचारलं नव्हतंत तेव्हा."

"नव्हतं."

"विचारलं असतंत तरी मी बंदच करा म्हटलं असतं. त्या गोळीने पोटऱ्या धरायच्या माझ्या, क्लच दाबवत नव्हता." ते थांबले, श्वास घेतला. "पण विचारलं नव्हतंत."

हे माफ करणं होतं की नव्हतं, हे तिला कळेना, आणि त्यांनाही ते कळत नसावं. ते वाक्य नुसतं तिथे पडलं, चादरीवर.

"डॉक्टर," बाबा म्हणाले, "तुमचे वडील या टेबलावर असते तर तुम्ही काय केलं असतं?"

"दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं असतं आणि बाहेर जाऊन नखं खाल्ली असती."

बाबा हसले. हसल्यावर हिरवी रेघ जराशी डळमळली आणि नर्स म्हणाली, "मास्तर, हसायचं नाही हं."

"आणि त्या दुसऱ्या डॉक्टरने काय केलं असतं?"

"ड्रिल."

बाबांनी डोळे मिटले. तिला वाटलं झोपले. ओठ हलत होते. ते मनातल्या मनात काहीतरी तपासत होते, गाडी बाहेर काढण्याआधी सगळे आरसे बघतात तसं. भीती वाटत होती त्यांना, हे तिला दिसलं. हनुवटीखालचं कातडं थरथरत होतं. आईंचं बरोबर होतं, ते घाबरले होते. आणि तरीही विचार करत होते.

"करा," ते म्हणाले. "पण हळू. घुसवू नका. सवयीने हात पुढे जातो माणसाचा."

"नाही घुसवणार."

"आणि प्रोफेसर, तू बाहेर जाऊ नकोस. बाहेर गेलीस की तुला तुझ्या सासूला काहीतरी खोटं सांगायला लागेल."

तिला काचेपलीकडच्या खोलीत उभं केलं. तिथे एक माणूस खुर्चीत बसून आकडे बघत होता. त्याने न बोलता आपली खुर्ची तिला दिली. ती बसली नाही.

ड्रिल सुरू झालं. दाताच्या डॉक्टरकडे येतो तसाच आवाज, पण बारीक, काचेतूनही येणारा. डॉक्टर ते जरा पुढे न्यायचे आणि लगेच मागे घ्यायचे. पुढे, मागे. दगडाला लागलं की आवाज खाली उतरायचा, सोडलं की परत वर चढायचा. मग थांबायचे. मग परत. पडद्यावर एक ठिपका त्या दोन रेघांमध्ये चोच मारत होता.

तिने काचेला हात लावला नाही, हात जोडले नाहीत. काही मागावं असंही तिच्या मनात आलं नाही. ती फक्त आवाज ऐकत होती आणि तो खाली उतरला की तिचा श्वास थांबायचा आणि वर चढला की सुटायचा, हे शरीराचं शरीर करत होतं.

एकदा आवाज बंद झाल्यावर खुर्चीतला माणूस एकदम सरळ झाला. "प्रेशर उतरतंय," तो माइकमध्ये म्हणाला. आत नर्सची घाई झाली. डॉक्टरांचा आवाज चढला नाही, पण वाक्यं तुटक झाली. नळीतून औषध गेलं. पडद्यावर काळी धार यायला हवी होती तिथे अर्ध्यातच पुसट झाली. बाबांचा उघडा पंजा चादरीखालून बाहेर आला होता, त्याची बोटं आकडत होती. ती तेवढ्या बोटांकडे बघत राहिली. अंगठ्याचं नख वाढलेलं होतं. कुणीतरी कापायला हवं होतं, एवढंच तिच्या मनात आलं, आणि याहून जास्त काही का येत नाही म्हणून ती मनातल्या मनात चकित झाली.

"येतंय परत," माणूस म्हणाला. "येतंय. हं."

मग फुगा आत गेला. या वेळी पडद्यावर दोन टोकं फुगली, मध्ये कंबर राहिली, क्षणभर राहिली, आणि मग तीही भरली. डमरूचा लांबट दोडका झाला. काही आवाज झाला नाही. खुर्चीतल्या माणसाने "उघडला" असं म्हणून तिच्याकडे पाहिलं, ती काहीतरी करेल अशा अपेक्षेने. तिने मान हलवली.

स्टेंट बसला. काळी धार शेवटपर्यंत गेली, एकेका फांदीत. डॉक्टर आत यायला सांगत होते. "नळीचं काम झालं," ते म्हणाले. "हृदयाच्या भिंतीचा किती भाग वाचला ते आत्ता कळणार नाही. दोन-चार दिवस बघावं लागेल. मी आत्ता खुशीत काही बोलणार नाही."

"नका बोलू," ती म्हणाली.

नर्स बाबांच्या मनगटाला पट्टा आवळत होती. बाबांचे डोळे मिटलेले होते आणि तोंड जरा उघडं. ती टेबलाजवळ वाकली.

"बाबा, झालं. नळी उघडली. पण हृदयाचं किती नुकसान झालं ते अजून माहीत नाही."

"ऐकलं मी," ते डोळे न उघडता म्हणाले. "इथेच होतो ना मी."

एप्रन काढल्यावर तिचे खांदे आपोआप वर उचलले गेले. कुर्ता पुढून भिजला होता आणि आता तो लपवायला पर्स कुठे ठेवली हे तिला आठवेना. तशीच ती दार ढकलून बाहेर आली. नवरा भिंतीला टेकून उभा होता. आई उठून तिच्याजवळ आल्या, तिचे दोन्ही दंड धरले, आणि तिच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का बघायला लागल्या. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

"कसं झालं? खरं सांग."

"नळी उघडली. पुढचं माहीत नाही. आता त्यांना बाहेर आणतील."

"घाबरले होते का?"

"हो."

आईंचा हात तिच्या दंडावर घट्ट झाला. "बघ. मी म्हटलं नव्हतं? आता त्यांना काय सांगायचं आपण? कितपत सांगायचं? ये इकडे, आधी आपण ठरवून घेऊ."

आतून चाकांचा आवाज आला. दाराची दोन्ही पानं उघडली आणि पलंग बाहेर येऊ लागला, आधी पाय, मग चादर, मग पट्टा बांधलेला हात.

"काही ठरवायचं नाही, आई," ती म्हणाली. "सगळं ऐकलंय त्यांनी. तुम्हाला काय विचारायचं ते त्यांनाच विचारा. जागे आहेत."

पलंग त्यांच्यासमोर येऊन थांबला. आई पदराने तोंड पुसून पुढे झाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याला आधी काही विचारलं नव्हतं, सगळं झाल्यावरच सांगितलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, सुनेकडे पाहिलं. ती एक पाऊल मागे सरली. मग आई वाकल्या आणि अगदी हळू, अनोळखी माणसाला विचारावं तसं म्हणाल्या, "अहो... काय करूया आता?"